कागदावरची मदतनीस

दाजींनी कर वाचवायचं ठरवलं, तेव्हा त्यांना कुणाचंही वाईट करायचं नव्हतं. सरकारचंसुद्धा नव्हतं. त्यांचं फोटोफ्रेमचं एवढंसं दुकान. पुढे काचा, मागे लाकडी पट्ट्या आणि मधल्या मोकळ्या जागेत स्वतः दाजी. यंदा कमाई बरी झाली होती, आणि तिच्यावरचा कर ऐकून दाजींच्या तोंडचं पाणी पळालं.

विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस होता. मेव्हणा लॅपटॉप उघडून जेवायच्या टेबलाशी बसला होता. तो करसल्लागार होता आणि बायकोचा सख्खा भाऊ असल्यामुळे फुकट होता. (त्याच्या तोंडचं ‘दाजी’ ऐकून ऐकून सगळी गल्लीच त्यांना दाजी आणि बायकोला ताई म्हणायला लागली होती.)

“खर्च दाखवा, दाजी,” मेव्हणा म्हणाला. “दुकानात नोकर कोण आहे?”

“कुणी नाही.”

“तुम्ही काचा आणायला गेलात की गल्ल्यावर कोण बसतं?”

“तुझी ताई.”

“मग ताईला पगार दाखवू.”

दाजी सावध झाले. “दाखवायचा, की द्यायचा?”

“दिला असं दाखवायचं.”

ही कल्पना दाजींना इतकी आवडली, की पगाराचा आकडा त्यांनी स्वतःच सांगितला. लग्नानंतर प्रथमच त्यांचा हात इतका सैल सुटला होता. हुद्द्याच्या रकान्यात त्यांनी ‘मदतनीस’ लिहायला लावलं. मेव्हण्याने बटण दाबलं आणि आतल्या खोलीत ताईंचा मोबाईल वाजला.

“अहो, हा ओटीपी कसला आलाय?”

“ज्याचा पगार त्याच्याच फोनवर जातो,” मेव्हणा पुटपुटला. “सांगायचं राहिलं.”

“काही नाही गं!” दाजी ओरडले. “नुसते आकडे वाच!”

ताईंनी नुसते आकडे वाचले नाहीत. त्यांनी अख्खा मेसेज वाचला, चष्मा लावून पुन्हा वाचला आणि त्या बाहेर आल्या.

“मी मदतनीस आहे?”

“अगं, ते कागदावर.”

“आणि मला पगार आहे?”

“तोही कागदावर.”

“किती?”

दाजींना एकाएकी खोकला आला. मेव्हण्याने भावाचं कर्तव्य म्हणून आकडा सांगून टाकला.

“एवढा?” ताई म्हणाल्या. “मग घरखर्चाला मागते तेव्हा तोंड वाकडं का होतं तुमचं?”

तेवढ्यात ओटीपीची वेळ संपली. दुसरा मागवावा लागला. पगार काढून टाकावा तर कर, आणि वाद घालत बसावं तर उद्यापासून दंड. दाजी पुरते कात्रीत सापडले.

ताई खुर्ची ओढून बसल्या. “सांगते ओटीपी. पण मदतनीस म्हणून नाही. कुठल्या फोटोला कुठली पट्टी शोभेल ते गिऱ्हाईक मला विचारतं. उधारी मागायला तुम्ही मला पुढे करता. दुपारी तुम्ही पट्ट्यांमागे घोरत असता, तेव्हा दुकान मी बघते. व्यवस्थापक लिही रे.”

मेव्हण्याने लिहिलं आणि डोकं खाजवलं. “दाजी, एवढ्याशा पगारात व्यवस्थापक राहतो हे कुणाला पटायचं नाही.”

“तू आहेस कुणाच्या बाजूने?”

“कायद्याच्या,” असं म्हणून त्याने पगार वाढवला.

विवरणपत्र एकदाचं गेलं. दाजी त्या रात्री निवांत झोपले. सकाळी दुकानाला निघाले, तर ताई चपला घालून दारात उभ्या.

“तू कुठे?”

“कामावर.”

दाजींना वाटलं, राग आहे, दोन दिवसांत उतरेल. पण हा राग नव्हता. ताईंना वाईट वाटलं होतं. इतक्या वर्षांच्या कामाला कुणीतरी पहिल्यांदा काम म्हटलं होतं, आणि तेही कर चुकवायला, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

दुकानाच्या माळ्यावर लोक न्यायला विसरलेल्या फ्रेमा पडल्या होत्या. लग्नातली जोडपी, पदवीचे झगे, डोळे वटारलेले आजोबा. ‘येतील कधीतरी’ हे दाजींचं धोरण. ताईंनी सगळ्या फ्रेमा खाली उतरवल्या, पुसल्या, रस्त्याकडच्या काचेत मांडल्या आणि खाली पाटी लावली: ‘आम्हाला घरी न्या.’

संध्याकाळपर्यंत डोळे वटारलेल्या आजोबांची सून धापा टाकत आली. “अहो, काढा आधी त्यांना तिथून! आजोबांना घराबाहेर का काढलंत म्हणून शेजारीपाजारी विचारताहेत!” तिने जुनी बाकी चुकती केली. आणखी एक गृहस्थ आले. त्यांनी आपल्या लग्नाच्या फोटोचे पुरते पैसे दिले आणि फोटो न्यायला साफ नकार दिला, कारण बाहेर उभी असलेली त्यांची बायको फोटोतली नव्हती.

दुकान झपाट्याने चालू लागलं. ताई महिन्याच्या महिन्याला पगार घेऊ लागल्या, गल्ल्यातून, मोजून. दाजी समोर बसलेले असतानाही गिऱ्हाईक विचारू लागलं, “दुकानात कुणी आहे का?”

मग एक दिवस मेव्हण्याने सुचवलं, की धंदा ताईच्याच नावावर केला तर बरं पडेल. “फक्त कागदावर,” तो म्हणाला. दाजींना कागदाची भीती कधीच वाटली नव्हती. त्यांनी सही ठोकली.

पुन्हा वर्ष सरलं. तोच शेवटचा दिवस, तेच टेबल, तोच लॅपटॉप. कर गेल्या खेपेच्या दुप्पट होता. फरक एवढाच, की आता लॅपटॉपसमोर ताई होत्या.

“खर्चात एक पगार दाखवायला हवा,” मेव्हणा म्हणाला. ताईंनी मान डोलावली. बटण दाबलं गेलं आणि दाजींच्या खिशातला मोबाईल वाजला.

दाजी आता शहाणे झाले होते. त्यांनी चष्मा लावला आणि अख्खा मेसेज वाचला. हुद्दा: मदतनीस, अर्धवेळ.

“अर्धवेळ?”

“दुपारी झोपता ना.”

दाजींनी छाती पुढे काढली. जणू वर्षभर वाट पाहिलेला क्षण आला होता. मुदत आजची आणि ओटीपी त्यांच्या मुठीत. “हुद्दा बदलल्याशिवाय मी आकडे सांगणार नाही!”

ताई भावाकडे वळल्या. “राहू दे रे. ती जागा रिकामीच ठेव. दुसरा माणूस बघू.”

दाजींनी आकडे इतक्या घाईने वाचले, की मेव्हण्याला ते पुन्हा विचारावे लागले.