आमच्या घरातलं जंताचं मत

आमच्या ह्यांच्या पोटात एक जंत आहे आणि घरातले सगळे निर्णय तोच घेतो. तीनेक वर्षं झाली, आमची काही तक्रार नाही.

त्याआधी निर्णय हे घ्यायचे. म्हणजे काय, तर नाही म्हणायचे. कोणाच्या बारशाला जायचं नाही, कोणाला जेवायला बोलवायचं नाही, माझ्याशी तर चार शब्दही बोलायचे नाहीत. जंताला मात्र गोडाची भारी आवड. त्यामुळे हे आता गावातलं एक कार्य चुकवत नाहीत, वर शेजारच्या पानावर आग्रहाने जिलबी वाढायला लावतात. परवा मला म्हणाले, "या साडीत छान दिसतेस."

मी विचारलं, "हे तुमचं मत की त्याचं?"

पोटावर हात ठेवून जरा थांबले. "त्याचं. पण मला मान्य आहे."

मला रडूच आलं.

ही बातमी इस्लामपूरला थोरल्या वन्संच्या कानावर गेली आणि त्या वावडिंगाचा काढा घेऊन दारात हजर झाल्या. आधी गूळ द्यायचा, जंत तो खाण्यात गुंगला की वरून काढा पाजायचा, ही त्यांच्या आईची रीत.

"कुमुद, मला माझा भाऊ परत पाहिजे."

"वन्सं, तो तुम्हाला नीट आठवतोय ना?"

त्यांनी ऐकलं नाही. गुळाचा खडा ह्यांच्या हातावर ठेवला. संध्याकाळपर्यंत मी पुन्हा त्या घुम्या माणसाची बायको होणार होते.

ह्यांनी गूळ खाल्ला, काढ्याची वाटी उचलली आणि म्हणाले, "ताई, काढ्याला त्याची हरकत नाही. पण आधी तुझ्या गुडघ्याचं विचारून घे म्हणतोय. दुखतो का गं अजून? एसटीत बसायला मिळालं का? आता आलीच आहेस तर चार दिवस राहा."

वन्सं मटकन खुर्चीत बसल्या. भावाने कधी राहा म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी पदराने डोळे पुसले, वाटी ह्यांच्या हातातून काढून घेऊन मोरीत ओतली आणि मला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"कुमुद, आमच्या ह्यांना कसा होईल गं?"

मी बाहेर येऊन रीतसर विचारलं. विनंती तत्त्वतः मान्य आहे, असं ह्यांच्या तोंडून उत्तर आलं. भावजींना आठवडाभर इकडे जेवायला पाठवावं, सोय होईल.

भावजी सोमवारी आले, नेहमीसारखे घुश्शात. मी कोशिंबीर केली. वरून कोथिंबीर भरपूर घातली, आणि धुतली नाही.