यंत्राच्या कपाळी विभूती

घाटनांदूरच्या रुद्रप्पांच्या किराणा दुकानात कुठलीही नवी वस्तू विभूती लावल्याशिवाय वापरात येत नसे. वजनकाटा, फ्रीज, स्कूटर, सगळ्यांच्या कपाळी तीन पट्टे. मग शिवकन्येनं, त्यांच्या लेकीनं, पुण्याहून आणलेलं यंत्र कसं सुटणार?

यंत्र साबणाच्या डबीएवढं, तिच्या चार वर्षांच्या संशोधनाचं. आतल्या चिपांवर थुंकीचा थेंब टाकायचा. तोंडाच्या कॅन्सरची शंका असली तर लाल दिवा, नसली तर हिरवा. गावात तपासणी झाली की दुसऱ्याच दिवशी शिवकन्या परत निघणार होती. दोन वर्षांनी आलेली पोर अन् मुक्काम दोन दिवसांचा!

सकाळी ती आंघोळीला गेली तशी रुद्रप्पांनी यंत्र देवापुढं ठेवलं, पट्टे ओढले. "माझ्या लेकीला यश दे रे महादेवा," म्हणाले अन् वरून एक चिमूट थेट फटीतच सोडली. देवाच्या कामात कंजुषी कशाला?

तपासणीला पहिला मान घरच्याचा. रुद्रप्पांनी जन्मात सुपारीचं खांडसुद्धा चघळलं नव्हतं. तरी दिवा लाल!

"अवो, हे कावून लाल झालं?" शिवकन्येच्या आईनं, उमाबाईंनी, पदर तोंडाला लावला.

रुद्रप्पांनी लेकीचा हात धरला. "शिवू, आता तरी राहा गं चार दिवस. लई आठवण येती तुझी. तुझी आई अजून जेवायला तीन ताटं मांडती अन् एक उचलून ठिवती."

शिवकन्येनं दुसऱ्या चिपेवर आईचा थेंब टाकला. लाल. मग शेजारच्या मोहनरावांचा. लाल. शेवटी तांब्यातलं पाणी टाकलं. तेही लाल!

"पान्याला बी कॅन्सर?" मोहनराव म्हणाले.

तिनं यंत्र उघडून उपडं केलं. भुरभुर राख पडली.

"आप्पा! विभूती?"

"नवी वस्तू हाय, मनलं..."

"सगळ्या चिपा गेल्या ना! नव्या येईस्तोवर मला हलता येनार न्हाई."

रुद्रप्पा तोंड पाडून दुकानात गेले आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला अर्ध्या किलोच्या भावात पाऊण किलो साखर देऊन बसले.

चार दिवस घर भरलेलं होतं. पाचव्या दिवशी दुपारी नव्या चिपांचं पार्सल दुकानात आलं. रुद्रप्पांनी इकडंतिकडं पाहिलं आणि ते गुळाच्या ढेपांमागं सरकवलं. पण मन खाऊ लागलं. लेकीची चार वर्षांची मेहनत, अन् बाप तिच्याच वाटेत आडवा! दिवेलागणीला ते पार्सल काढायला गेले, तर ढेपांमागं काहीच नाही.

घाबरेघुबरे होऊन ते घरात शिरले. शिवकन्या फोनवर बोलत होती.

"नाही सर, पार्सल अजून नाही आलं. उद्या येईल बहुतेक."

पार्सल तिच्या मांडीवर होतं.

फोन ठेवून ती बापाकडं बघून हसली, पण डोळे भरलेले. "गूळ आनायला गेलते, आप्पा."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून उमाबाईंची हाक आली, "अवो, ताटं किती मांडू?"

"तीन!" बापलेक एकदमच ओरडले.