भोंगाकाकांचे साठ तास

भोंगाकाकांना कोर्टाने साठ तासांची समाजसेवा ठोठावली, आणि ती कुठे, तर वृद्धाश्रमात! तीस वर्षं बसस्टँडवर गाड्या पुकारून निवृत्त झालेला हा माणूस, घरात मीठ मागितलं तरी समोरच्या इमारतीला कळायचं. शेवटी शेजारी कोर्टात गेले. "यापुढे हळू बोलाल ना?" असं न्यायाधीशबाईंनी विचारलं, तर काकांनी "बोलतो की!" असा काही आवाज काढला, की कारकुनाच्या हातातली फाईल खाली पडली. झाली शिक्षा.

"तिथे तरी हळू बोला हो," डबा देताना बायकोने बजावलं.

म्हणून पहिल्या दिवशी काका रहस्यकथेचं पुस्तक उघडून कुजबुजत वाचू लागले. समोर बारा आजी-आजोबा, कानांनी थकलेले. डोळ्यांचीही तीच तऱ्हा. पाच मिनिटांत पुढच्या खुर्चीतल्या आजी वैतागल्या.

"अरे, नुसते ओठ काय हलवतोयस? जरा मोठ्याने!"

काकांनी दाराकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि बसस्टँडवरचा आवाज लावला. "बंगल्याचं दार सताड उघडं होतं! आणि जिन्यावर रक्त!"

"अगं बाई, मला ऐकू आलं!" आजी टुणकन उठल्याच. मागचे आजोबा दोन वर्षं काही ऐकू येत नसल्याने इतर हसले की हसायचे. आज ते सगळ्यांच्या आधी किंचाळले.

संध्याकाळी काका जिना दोन-दोन पायऱ्या चढत आले. "अगं, ऐकलंस का? मला मोठ्याने वाचा म्हणाले! मला!"

"ऐकलं. खालच्या मजल्यानेही ऐकलं," बायको म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना.

साठ तास कसे उडून गेले कळलं नाही. पुस्तक मात्र उरलं. खुनी सापडायला तीन प्रकरणं बाकी, आणि व्यवस्थापक दारात आडवे आले. "कोर्टाचा कागद होता म्हणून आत घेत होतो. बाहेरच्यांना मनाई आहे. नियम आहे."

"अहो, पण खून कुणी केला?"

"ते मला काय माहीत?"

काका घरी येऊन बसले ते गप्पच. घर इतकं शांत झालं, की चौथ्या दिवशी तक्रार करणारे शेजारीच तब्येत विचारायला आले. पाचव्या दिवशी कोर्टाचा कागद आला. नवी तक्रार! "या माणसाचा आवाज असह्य आहे. कडक शिक्षा व्हावी." खाली वृद्धाश्रमातल्या बाराही जणांच्या सह्या. काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "त्यांनीसुद्धा?"

कोर्टात बारा जणांच्या वतीने पुढच्या खुर्चीतल्या त्याच आजी काठी टेकत उभ्या राहिल्या.

"आजी, यांच्या आवाजाचा तुम्हाला त्रास होतो?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"काय?" आजींनी कानाला हात लावला.

बाईंनी दोनदा विचारलं. छे! शेवटी पिंजऱ्यातून काकाच गरजले, "त्रास होतो का, म्हणून विचारताहेत!"

"होतो तर! भयंकर!" आजी खूश होऊन म्हणाल्या. "मागच्या वेळी साठ तास दिलेत, आता चांगले शंभर द्या. आणि आमच्याकडेच पाठवा, म्हणजे अद्दल घडेल!"

न्यायाधीशबाईंनी बराच वेळ फाईलमधून तोंड वर काढलं नाही. मग म्हणाल्या, "शंभर तास. त्याच ठिकाणी. मान्य आहे?"

काकांनी आजींकडे पाहिलं. "मान्य आहे," ते कसंबसं पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या. "जरा मोठ्याने."