खंडेनवमीचे डिझेल

पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात, हमरस्त्यापासून थोडी आत, गिअर बनवणारी एक कंपनी होती. कंपनीची वसाहत होती आणि वसाहतीत बाग होती. बागेत रेल्वे नव्हती. ही उणीव कोणाच्या लक्षात आली नव्हती. १९७३च्या उन्हाळ्यात चेअरमनसाहेब विलायतेहून परतले आणि त्यांनी ती लक्षात आणून दिली.

तिकडे एका श्रीमंत गृहस्थाच्या बागेत त्यांनी डिझेल इंजिनाची छोटी प्रतिकृती पाहिली होती. इंजिन गुडघ्याएवढे, मागे फळीसारखे डबे, आणि डब्यांवर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसलेले गंभीर चेहऱ्याचे प्रौढ लोक. साहेब स्वतःही बसले होते. मुंबईच्या हेड ऑफिसातून आदेश निघाला, की कामगारांच्या मुलांसाठी आपल्याही बागेत असा लोहमार्ग व्हावा, इंजिन कारखान्यातच तयार करावे आणि ते डिझेलचेच असावे. कोळशाच्या इंजिनाने मुलांवर मागासलेपणाचे संस्कार होतात.

काम कल्याण अधिकारी उद्धवराव यांच्याकडे आले. उद्धवराव मूळचे परांड्याकडचे. कंपनीत ते अजून कायम झाले नव्हते. त्यांच्या प्रोबेशनला मुदतवाढ मिळाली होती आणि मुदतवाढीलाही मुदतवाढ मिळाली होती. कायम नसलेल्या माणसाला क्वार्टर द्यायचे नाही असा नियम होता. त्यामुळे वसाहतीच्या कल्याणाचे अधिकारी वसाहतीबाहेर, पिंपळे गुरवात गोठ्याला लागून असलेल्या एका खोलीत राहत, आणि कल्याण करायला रोज सायकलवरून येत.

वर्क्स मॅनेजर यशवंतरावांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले.

"चेअरमनसाहेब नवरात्रात येतायत. स्वतः गाडीत बसणार आहेत. गाडी चालली, की तुमची कायमची ऑर्डर मी तिथल्या तिथं त्यांच्या सहीनं काढतो."

"आणि नाही चालली तर, साहेब?"

"प्रोबेशन वाढवायलाही काही मर्यादा असते, उद्धवराव."

उद्धवरावांनी ताबडतोब समिती नेमली. एकट्याने निर्णय घेतला असता तर तो चुकला असता. समितीने घेतलेला निर्णय चुकत नाही, फक्त पुढे जातो.

समितीपुढे पहिला प्रश्न होता तो नमुन्याचा. कोणते डिझेल घ्यायचे? लांब नाकाचे, मेल गाड्यांना जोडतात ते, की चिंचवड स्टेशनात मालगाड्यांचे डबे इकडून तिकडे करणारे आखूड? लांब नाकाचे इंजिन रुबाबदार दिसते, असे मेंटेनन्सचे मत पडले. आखूडला पत्रा कमी लागतो, असे परचेसचे. तेव्हा लांब नाकाचे इंजिन आखूड करावे असे एकमताने ठरले. रंगावरून बैठक दुपारच्या चहापलीकडे गेली. युनियनचे सेक्रेटरी साहेबराव लाल रंगावर अडून बसले. मॅनेजमेंटला कंपनीचा निळा हवा होता. अखेर खालची बाजू निळी आणि वरची लाल असा समझोता झाला, आणि कोण वर राहिले याचा आनंद युनियनने गेटसभेत व्यक्त केला.

पत्र्याचे काम शीट मेटलच्या ज्योतीरामकडे गेले. ज्योतीरामने ओव्हरटाइम लावून असे काही इंजिन उभे केले, की फोर्जच्या भट्टीवरचे लोकही जेवणाच्या सुट्टीत बघायला येऊ लागले. जाळ्या, बफर, दिवे, ड्रायव्हरच्या काचेवर बोटाएवढे वायपर. सगळे जागच्या जागी होते.

"ज्योतीराम, आत काय बसवणार?" उद्धवरावांनी विचारले.

"ते आमच्याकडं न्हाई, साहेब. आमच्याकडं भायेरचं."

आतला प्रश्न समितीकडे होता. मेंटेनन्सने बॅटरीची मोटर सुचवली. परचेसने हरकत घेतली, की मंजुरी डिझेल इंजिनाची आहे. आत बॅटरी निघाली तर ऑडिट विचारेल. मग खरे डिझेल इंजिन पाहिले. बाजारात सर्वांत लहान डिझेल शेतीपंपाचे, आणि ते ज्योतीरामच्या इंजिनापेक्षा मोठे निघाले. पत्रा वाढवावा, तर ड्रॉइंग मंजूर झाले होते. परदेशातून लहान इंजिन मागवावे, तर खेळण्यांच्या आयातीला बंदी होती. ते खेळणे नसून यंत्र आहे असे म्हणावे, तर त्या यंत्रातून कोणते उत्पादन निघणार हे अर्जात दाखवावे लागे. मुलांचा आनंद, असे उद्धवरावांनी लिहून पाहिले. तो नगांत की किलोत, अशी विचारणा उलट टपाली आली. समितीने विषय पुढील बैठकीवर ठेवला आणि पुढील बैठक विषय पक्का झाल्यावर घ्यावी असे ठरवले.

घटस्थापना झाली तेव्हा बागेत रूळ होते, बोगदा होता, डबे होते, स्टेशन होते, स्टेशनावर घड्याळ होते. इंजिनाच्या पोटात काहीही नव्हते.

उद्धवराव त्या संध्याकाळी जेवले नाहीत. त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी ताट झाकून ठेवले.

"इतकं मोठं इंजिन केलंत म्हणता. आत काय आहे?"

"आत काही नाही."

"मग चालणार कसं?"

"तेच तर समितीपुढं आहे."

"समिती ढकलणार का?" कौशल्याबाई म्हणाल्या. "बरं, आणखी एक. घरमालकीण सोजरबाई सांगून गेल्यात, नवमीला पाणी यायचं नाही. त्यांच्या नदीवरच्या पंपाची पूजा असते. त्या दिवशी पंपाला हात लावत नाहीत. आदल्या दिवशीच भरून ठेवा म्हणाल्या."

उद्धवरावांनी झाकलेले ताट ओढले आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी यशवंतरावांना गाठले आणि उद्‌घाटनाला खंडेनवमीइतका योग्य दिवस नाही हे पटवून दिले. यंत्रांचा सण, कारखाना सजलेला, कामगार नव्या कपड्यांत, कुटुंबे सोबत. यशवंतरावांना ते फारच पटले. एक गोष्ट मात्र उद्धवरावांनी बोलून दाखवली नाही. पुण्याच्या पट्ट्यात खंडेनवमीला पूजा झालेले यंत्र कोणी सुरू करत नाही. लेथ असो, प्रेस असो, की शिलाईचे मशीन असो. त्या दिवशी त्याने झेंडूची माळ घालून गप्प बसायचे असते. वर्षातून हा एकच दिवस असा, की चालणारे यंत्र आणि न चालणारे यंत्र यांत फरक राहत नाही.

खंडेनवमीला चेअरमनसाहेब आले. बँड वाजला. इंजिनाला हळदकुंकू लागले, लाल भागावर स्वस्तिक निघाले, बफरवर नारळ फुटला. वसाहतीतली मुले तारेच्या कुंपणाला चिकटून उभी होती. चेअरमनसाहेब पहिल्या डब्यावर पाय सोडून बसले, विलायतेत बसले होते तसेच.

"चला, स्टार्ट," ते म्हणाले.

उद्धवरावांनी साहेबरावांकडे पाहिले. साहेबराव पुढे आले.

"माफी असावी, साहेब. आज खंडेनवमी हाय. पूजलेलं मशीन आज चालवत न्हाईत. चाललं, तर अख्खी युनियन भायेर. मग दसऱ्याचंही काही खरं न्हाई."

"परंपरेचा प्रश्न आहे, साहेब," उद्धवराव आदबीने म्हणाले. आपण कायम झालो असे त्यांना त्या क्षणी वाटले.

चेअरमनसाहेबांनी घड्याळ पाहिले. "परंपरा मला मान्य आहे. पण मी मुंबईहून आलोय, ते गाडीत बसायला. फेरी मारल्याशिवाय उतरणार नाही. इंजिन बंद ठेवा आणि गाडी चालवा."

यशवंतराव वळून उद्धवरावांकडे बघू लागले. त्या नजरेत मर्यादा स्पष्ट दिसत होती.

"साहेबराव," उद्धवराव त्यांना बाजूला घेऊन कुजबुजले, "चार माणसं द्या. मागून ढकलू."

"अहो, आज सुट्टी हाय. ढकलणं म्हंजे काम झालं. डबल ओव्हरटाइम लागंल, आणि तो मंजूर कराय आज हापिसात कोण हाय?"

"काम नाही हो. देवीच्या पालखीला खांदा देतात, ते काम असतं का? सेवा असते."

साहेबरावांनी विचार केला. युनियनच्या घटनेत सेवेबद्दल काही नव्हते. "सेवा म्हणत असाल, तर आमची ना न्हाई," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतः बाह्या सरसावल्या.

फोर्जचे चार जण मागच्या डब्याशी वाकले. गाडी हलली. गुलाबांच्या वाफ्याला वळसा घालून, कारंज्याजवळून, बोगद्यातून सुखरूप बाहेर आली. चेअरमनसाहेबांनी एकदाही मागे पाहिले नाही. चेअरमन लोक सहसा पाहत नाहीत. ते उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"धूर नाही. आवाज नाही. धक्का नाही," ते म्हणाले. "तिकडच्या इंजिनाला वास यायचा. यशवंतराव, हे त्यांच्यापेक्षा सरस आहे. उद्यापासून रोज चालू द्या. रविवारी बाहेरच्या लोकांसाठीही."

"पण साहेब, आज ते बंद होतं," कोणीतरी म्हणाले.

"बंद असून एवढं चालतं, तर चालू झाल्यावर बघायलाच नको."

उद्धवरावांच्या ऑर्डरवर तिथेच, इंजिनाच्या बॉनेटवर कागद ठेवून, सही झाली. बॉनेट जरासे पोकळ वाजले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

दसरा उलटला आणि सणाचे संरक्षण संपले. गाडी मात्र रोज चालवायची होती. इंजिनात काही नाही असे आता कळवणे शक्य नव्हते, कारण चेअरमनसाहेबांनी ते चालताना पाहिले होते. उद्धवराव आता कायम होते, आणि कायम माणसाला गमावण्यासारखे बरेच असते. ढकलणे सेवेतून कामात वर्ग झाले. साहेबरावांनी करार केला. ढकलणाऱ्यांना ढकलणारे म्हणणे अपमानास्पद ठरले, म्हणून 'इंजिन सहायक' असे पद निघाले. त्यांना खाकी गणवेश, छातीला पितळी बिल्ला, कॅनव्हासचे बूट, आणि फाउंड्रीच्या लोकांना धुळीवर उतारा म्हणून मिळतो तसा रोज गूळ मिळू लागला. त्यांच्यावर सुपरवायझर आला. सुपरवायझरला बसायला पुढचा डबा राखून ठेवला. सेफ्टीच्या माणसाला दुसरा मिळाला. टाइम स्टडीचा माणूस स्टॉपवॉच घेऊन तिसऱ्यात बसू लागला. उरलेल्या डब्यात मुले बसत, आणि वजन वाढते म्हणून सहायक त्यांना हळूच कमी करत.

वर्षअखेर मेंटेनन्सने अहवाल दिला, की हे इंजिन एकदाही बिघडलेले नाही. संपूर्ण कारखान्यात असे यंत्र दुसरे नव्हते. इंजिनाला उत्तम देखभालीची ढाल मिळाली. त्याच्या वाट्याचे डिझेल खर्ची पडले नाही तर पुढच्या वर्षी कोटा कापला जाईल, म्हणून ते नियमाने पिंपांत भरून ठेवण्यात येई, आणि पिंपांवर पहारेकरी नेमला गेला. शेजारच्या कंपन्या पाहणीला आल्या. चिंचवडच्या एका उद्योजकाने इंजिन आतून दाखवा असे म्हटले, तेव्हा त्याला ड्रॉइंग दाखवण्यात आले. ड्रॉइंग मंजूर होते. तो समाधानाने गेला आणि त्याने दोन मागवली.

वसाहतीतल्या क्वार्टरच्या खिडकीतून उद्धवरावांना आता रूळ दिसत. पडदा ओढून घेतला तरी चढावर सहायकांचा दम लागल्याचा आवाज येई.

"हेच का ते कायम?" एकदा कौशल्याबाईंनी विचारले.

"हेच," उद्धवराव म्हणाले. ते खोटे बोलले नव्हते.

रविवारी बाहेरच्यांना प्रवेश असे. एका रविवारी तुम्हीही आला होतात. आठवत नसेल, पण आला होतात. चांगली इस्त्री केलेला शर्ट होता, सोबत तुमची मुलगी होती. रांगेत उभे राहून तुम्ही तिला डब्यावर बसवले. गाडी निघाली. गुलाबांच्या वाफ्यापाशी तिने मान वळवून मागे पाहिले, घामेघूम झालेली चार माणसे पाहिली आणि विचारले, "बाबा, ही माणसं ढकलतायत का?"

तुम्हीही मागे पाहिलेत. छातीवरचे पितळी बिल्ले नीट वाचलेत. मग तुम्ही म्हणालात, "नाही गं. ते स्टाफ आहेत. गाडी डिझेलवर चालते. पुढं बघ."

तिने पुढे पाहिले.