मागच्या ॲक्सलचे चार इंच

माझ्या गाडीचं मागचं उजवं चाक बॉडीच्या बाहेर चार इंच येत होतं. एवढंच. शहाण्या माणसाने त्यावर एक मोठं मडगार्ड ठोकलं असतं आणि हात धुऊन चहा प्यायला असता. मी ॲक्सल कापायचं ठरवलं, आणि त्याचा शेवट आमच्या स्वयंपाकघरात झाला.

गाडी म्हणजे कुठली, ते आधी सांगायला हवं. मी घरी स्वतःच्या हातांनी बांधलेली, दोन सीटची, बिनटपाची स्पोर्ट्स कार. घरी म्हणजे अक्षरशः घरात. आमच्या पुढच्या खोलीत पूर्वी कुणाचं तरी दुकान होतं, त्याचं शटर अजून तसंच आहे. त्या शटरच्या आत चार वर्षं ही गाडी वाढत होती आणि तितकीच आमच्या हिची जागा कमी होत होती. आधी सोफा गेला. मग शिलाई मशीन स्वयंपाकघरात गेलं. आणि अकरा महिन्यांपूर्वी ही स्वतःच लेकीकडे गेली. (भांडून नव्हे, लेकीला बाळ झालं म्हणून. पण निघताना तिने वळून पाहिलं तेव्हा तिची नजर माझ्यावर नव्हती, सायलेन्सरवर होती.) गेली होती तीन महिन्यांसाठी.

मी वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत कारकून आहे. दुकानदारांचे तराजू आणि मोजपट्ट्या खऱ्या की खोट्या, याचे दाखले माझ्या टेबलावरून जातात. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा मला त्रास होणार आहे.

संध्याकाळी कचेरीतून आलो की मी अर्धं शटर वर करून गाडीत जाऊन बसत असे. जेवणाचं ताटही तिथेच, मांडीवर. शेजारची सीट सगळ्यात आधी पूर्ण झाली होती, कारण तिची मापं मी ही घरात असताना, ती खुर्चीत डुलकी काढत असताना, गुपचूप घेतली होती. आता त्या सीटवर मी मिठाची बाटली ठेवायचो. कधीकधी तिला सांगायचो, आज साहेब रजेवर होते, आज फार उकडलं. (सीटला सांगायचो. मिठाच्या बाटलीशी बोलण्याइतका मी बिघडलो नव्हतो.) खरं सांगू का, मला फार एकटं वाटत होतं. घरात चमचा खाली पडला तरी कुणीतरी आल्यासारखं वाटायचं.

रविवारी सकाळी हिचा फोन यायचा. बाळाचे दात सांगून झाले की ती विचारायची, "गाडी कुठवर आली?" मग मी ब्रेकबद्दल बोलायचो. 'ये' म्हणायला जीभ वळत नव्हती, म्हणून ब्रेक. गाडी पूर्ण झाली तर पुढच्या रविवारी बोलायचं काय, या धास्तीने मी एकदा उत्तम बसलेला कार्बुरेटर पुन्हा उतरवून ठेवला होता.

अशाच एका रविवारी ती म्हणाली, "येत्या शनिवारी येते. दुपारी तीनच्या बसने. आठ दिवसांसाठी."

"आठच दिवस?"

"लेक म्हणतेय, आई आता इथेच राहा, बाबाही रिटायर झाले की इकडेच येतील. मी म्हटलं, एकदा घर बघून येते, मग ठरवते."

मागून लेकीचा आवाज आला, "बाबांना सांग, तू स्टँडवरून रिक्षाने येशील म्हणावं!"

"रिक्षा कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं. "मी येतो ना घ्यायला. गाडी घेऊन."

"कुठली गाडी?"

"आपली."

मग ती म्हणाली, "बरं."

फोन ठेवला आणि बोटांवर दिवस मोजले. हातात सहा दिवस, आणि चाक चार इंच बाहेर.

ॲक्सल म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा. त्याच्या मधोमध एक मोठा गोळा असतो. इंजिनाकडून येणारा शाफ्ट त्या गोळ्यात शिरतो आणि चाकं फिरवतो. माझा ॲक्सल भंगारातल्या एका व्हॅनचा होता, माझ्या गाडीहून रुंद आणि दोन्ही बाजूंना सारखा. पण माझं इंजिन मधोमध नव्हतं. ते मी मुद्दाम माझ्या बाजूला सरकवून बसवलं होतं, हिला पाय लांब करून बसता यावं म्हणून. (माझा डावा गुडघा त्यामुळे हनुवटीपाशी यायचा. पण ते असो.) इंजिनामागोमाग गोळा सरकला, आणि गोळ्यामागोमाग उजवं चाक बाहेर आलं; डावं मात्र बॉडीशी बरोबर बसलं. तेव्हा उजवी बाजू चार इंच कापायची, त्या पोकळ दांड्यातला चाकाचा शाफ्टही तेवढाच कापून त्याचे दाते पुन्हा पाडायचे, की काम झालं.

गल्लीच्या टोकाला लोखंड कापून-जोडून देणारा एक टर्नर आहे. त्याला सगळे सूतभर म्हणतात, कारण कुठलंही काम द्या, तो म्हणतो, "सूतभर इकडेतिकडे होणार नाही." मी ॲक्सल हातगाडीवर घालून त्याच्याकडे नेला आणि सोबत कागद दिला. 'उजवी बाजू चार इंच कमी करणे.' खाली सही, तारीख. जवळ असता तर शिक्काही मारला असता.

बुधवारी ॲक्सल परत आला. काम सुरेख झालं होतं, वेल्डिंग दिसतसुद्धा नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून तो बसवला, चाकं लावली आणि मागे उभं राहून पाहिलं. उजवं चाक पूर्वीसारखंच चार इंच बाहेर होतं. डावं चार इंच आत गेलं होतं. बाकावर कुणी नको असलेला माणूस शेजारी येऊन बसला की आपण सरकतो ना, तशी गाडी सरकली होती.

"तुम्ही डावी बाजू कापली!" मी ओरडलो.

"उजवी कापली," सूतभर शांतपणे म्हणाला. "कागद आहे माझ्याकडे."

"अहो, गाडीची उजवी!"

"गाडी कुठे होती माझ्याकडे? ॲक्सल होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, माझ्या उजव्या हाताला जी बाजू आली ती कापली."

"पण गोळ्याचं तोंड कुठे होतं?"

"माझ्याकडे."

"म्हणजे तुम्ही गाडीच्या पुढून बघत होता!"

"मग साहेब, कुठून बघायचं ते लिहायचं ना कागदावर. मापाच्या कचेरीत आहात तुम्ही."

दुसरा ॲक्सल शोधायला महिना गेला असता. सूतभर विडी ओढत बसला. मी दुसऱ्या दिवशी घालायचा शर्ट हँगरवर अडकवत होतो आणि तो नेहमीसारखा उलटा अडकला, म्हणून हँगर फिरवला. उजवा खांदा डावीकडे गेला.

"आपण ॲक्सल पालथा केला तर?" मी म्हणालो.

सूतभराने विडी विझवली. दोन्ही हात समोर धरून ते उलटेसुलटे करून पाहिले. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं हिने उभ्या आयुष्यात कधी बघितलं नाही. "साहेब, तुमचं डोकं त्या कचेरीत फुकट गेलं हो!"

दोन दिवस आम्ही खपलो. स्प्रिंगच्या बैठका कापून दुसऱ्या अंगाला जोडल्या. गोळ्याच्या वरचं हवेचं भोक आता खाली आलं, त्यातून तेल गळायला लागलं, तर सूतभराने तिथे बोल्ट ठोकला. शुक्रवारी चाकं बसली. दोन्ही बाजू बॉडीशी अगदी बरोबर. गाडी ठोकळ्यांवर उचलून इंजिन चालू केलं, गिअर टाकला, आणि चाकं फिरली! सूतभराने टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. चाकं फिरली, एवढ्यातच आम्ही खूश. कुठल्या दिशेने फिरली, हे बघायचं भान कुणाला होतं?

शनिवारी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, मिठाची बाटली जागेवर नेऊन ठेवली आणि शेजारची सीट पुसली. घर झाडलं. (बघायला येणार होती ना ती.) अडीच वाजता शटर पूर्ण वर केलं. समोर ऊन, रस्ता, आणि मी स्टिअरिंगवर. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

मला वाटलं चुकून रिव्हर्स पडला. घाईघाईने दुसरा टाकला, जरा जोरात. गाडी आणखी जोरात मागे गेली. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात फळ्यांची भिंत आहे. म्हणजे होती. फाडकन आवाज झाला, आणि मी ओट्याला टेकून थांबलो. डोक्यावर चहापत्तीचा डबा उपडा झाला होता. डाव्या कोपराशी मिठाची बाटली होती, जागच्या जागी.

तिथे बसून मला एकेक गोष्ट उलगडली. ॲक्सल पालथा केला, म्हणजे फिरणंही पालथं झालं. माझ्या स्पोर्ट्स कारला आता चार गिअर मागे जायचे होते आणि पुढे जायचा एक. रिव्हर्स टाकला, तशी ती खोलीतून रस्त्यावर अगदी ऐटीत निघाली.

रिव्हर्स गिअरमध्ये गाडी किती पळते? माणूस चालतो तेवढी. आणि आवाज मात्र भोंग्यासारखा. सायकली पुढे गेल्या. कचेरीतले आमचे मोठे साहेब फुटपाथवरून चालले होते. "बसा ना साहेब, सोडतो," मी म्हणालो. त्यांनी गाडीकडे एकवार पाहिलं. "नको," ते म्हणाले, "मला घाई आहे."

स्टँडवर पोचलो तेव्हा चार वाजले होते. ही बॅगेवर बसून होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती बारीक झाली होती. तिने गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली, मग माझ्या केसांतली चहापत्ती झटकली.

"बसू?"

"बस."

ती बसली, पाय लांब केले. सीट तिला तंतोतंत झाली. आयुष्यात मी बरोबर घेतलेलं ते एकच माप. थोडं अंतर गेल्यावर तिने विचारलं, "इतकी हळू का?"

"नवीन आहे. सुरुवातीला जपून चालवावी लागते."

"गिअरचा दांडा रिव्हर्सवर आहे," ती म्हणाली. "चार वर्षं ऐकतेय मी तुमचं. पालथा घातलात ना ॲक्सल?"

एक म्हातारी काठी टेकत आमच्या पुढे गेली.

"अकरा महिने," ही समोर बघत म्हणाली, "दर रविवारी ब्रेक, क्लच, कार्बुरेटर. एकदाही तुमच्या तोंडून 'ये' निघालं नाही. मला वाटलं, यांना काही अडत नाही माझ्यावाचून."

भोंग्याच्या आवाजात मी म्हणालो, "अडतं."

"काय?"

"अडतं!" मी ओरडलो. फुटपाथवरच्या दोघांनी वळून पाहिलं. "राहा! जाऊ नकोस!"

घर येईपर्यंत मला तिच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर झाला नाही. घर आलं, आणि मग शटरमधून थेट ओटा दिसला.

संध्याकाळी ती लेकीशी फोनवर बोलत होती, मी फळ्या गोळा करत होतो. "नाही गं, आठ दिवसांत नाही जमायचं. भिंत झाल्याशिवाय कशी येऊ?... छे, यांच्यासाठी कुठे? भिंतीसाठी."

रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी सकाळी मी चोरपावलांनी सुताराकडे गेलो. म्हटलं, "भिंतीचं काम आहे, पण घाई नाही. तुम्ही आपले सवडीने या. वर्षभराने आलात तरी चालेल."

सुतार रंधा थांबवून हसला. "वहिनी मघाशीच येऊन हेच सांगून गेल्या, साहेब."

मला काय वाटलं, ते सांगता येणार नाही. "आणखी काही म्हणाली?"

"म्हणाल्या, कधीही या, पण माप ह्यांच्याकडून घेऊ नका."