टाकीतली मंडळी

प्रदूषण मंडळाचे साहेब तपासणीला येणार असं कळल्यावर प्रविणने टाकी धुवायला काढली, आणि तिथेच सगळं बिघडलं.

रोह्याच्या एका रंगाच्या कंपनीत सांडपाणी शुद्ध करायचं काम त्याच्याकडे होतं. टाकीतले जंतू पाण्यातली घाण खायचे, मग मेंब्रेनच्या बारीक छिद्रांतून गाळलेलं स्वच्छ पाणी बाहेर यायचं. पण टाकी दिसायला मातकट, वर फेस. साहेबांना असली टाकी दाखवायची लाज वाटून त्या भल्या माणसाने तिच्यात ब्लीचिंग पावडरची अख्खी गोणी रिकामी केली. पाणी छान निवळलं. जंतू मात्र झाडून सगळे मेले.

तपासणी झाली की त्याला परमनंटची ऑर्डर मिळणार होती. मालक रितेशशेठना हे कळलं असतं तर ऑर्डर सोडाच, होती ती नोकरीही गेली असती. त्याने पेणच्या एका कंपनीत हेच काम करणाऱ्या मेहुण्याला, प्रणितला फोन लावला.

"जरा विरजण पायजे होतं."

"दह्याचं?"

"जंतूंचं. सहा पिंपं."

प्रणित पोट धरून हसला, पण पिंपं भरून दिली. "भावोजी, टेम्पो चालू असला की हिंदकळून हवा मिळंल त्यांना. थांबलात तर ढवळत राहा, नायतर गुदमरतील."

कासूजवळ टेम्पो पंक्चर झाला. चाक बदलावं तर जंतू जाणार, ढवळत बसावं तर टेम्पो हलणार नाही. प्रविण मागे चढून काठीने ढवळू लागला. शेतावरून परतणाऱ्या चार बायका थांबल्या. पुढे सीताबाई.

"काय रे, कंपनीची घाण नाल्यात ओतायला आणलीस ना?"

"नाय गो मावशे. जित्ते हायत ते."

"कोण जित्ते?"

"जंतू. पाणी साफ करतात. डोळ्यांना दिसत नायत."

"दिसत नायत, वास मारतात, आन् तू त्यांना जपतोस?"

"मरतील गो! एक टाकी माझ्या हातून आधीच मेलीय!" प्रविणला खरंच रडू फुटलं.

सीताबाईंनी पदर खोचला. "बघता काय गो? चढा वर!"

बायकांनी पिंपं ढवळली, प्रविणने चाक बदललं. तरी सीताबाईंचा विश्वास बसेना. माल कुठे ओततो ते बघायला त्या थेट रोह्यापर्यंत आल्या, पावडरचं पाणी बदललेल्या टाकीत पिंपं रिकामी होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि जंतू जगले का ते पाहायला तपासणीच्या दिवशी पुन्हा हजर झाल्या.

साहेब टाकीत डोकावले. "वा! जोमदार वाढ आहे."

प्रविणचा जीव भांड्यात पडला.

"वाढनारच," सीताबाई म्हणाल्या. "आधीचे यानं पावडर घालून मारले. हे आमी ढवळत आणलेत."

रितेशशेठ पांढरे पडले. साहेबांनी मात्र शांतपणे विचारलं, "बाई, यांना जगवायला काय लागतं?"

"काय लागायचंय? हवा आन् वेळेवर खाणं. उगाच काय कालवायचं नाय."

"शेठ, या कोण?"

"आमच्याच आहेत साहेब," शेठ न अडखळता म्हणाले. "टाकीवर असतात."

"कायम?"

"कायम."

साहेबांनी ते अहवालात लिहून घेतलं.

आता लिहिलेलं खोटं कसं ठरवायचं? जागा एकच होती, ऑर्डर सीताबाईंच्या नावाने निघाली. प्रविण अजून कंत्राटावरच आहे, त्यांच्या हाताखाली. टाकीत काही घालायचं असलं तर आधी त्यांना विचारावं लागतं, आणि त्या सहसा नाय म्हणतात.