महिरपीआड राहिलेल्या नावाची हकीकत

श्रीसरस्वतीस दंडवत घालोन, पदरचे न मिसळता लिहितो. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, वैशाखमासी एका दौलतीत ऐसे वर्तमान जाहले कीं, धरणाचे दरवाजे उघडावयाचा संगणकी प्रोग्राम लिहिणे सगुणाबाई पारसनीस या नव्या कारकुनिणीकडे आले, आणि दुपारी बारांस पाणी न सुटल्यास पाळी चुकून खालची सात गावे महिनाभर कोरडी राहावयाची, आणि त्या सातांत बाईंचे माहेर. मग बाईंनी एका बैठकीत प्रोग्राम लिहून कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्रात सोडण्याआधी तपासणारे, त्या दरोग्यांपुढे ठेविला. हे दरोगे वेशीवर बसून वरून खाली ओळन् ओळ वाचणार, आणि ओळख न दिलेले एक नाव आढळले तरी आत सोडणार नाहीत, प्रत्यक्ष महाराज आले तरी "आपण कोण?" पुसतील, ऐसा खाक्या.

दरोग्यांनी एकेचाळीस चुका काढोन कागद परत केला. धरणातील पाण्याच्या उंचीस बाईंनी 'पातळी' नाव दिले होते, आणि सर्व चुकांचा मजकूर एकच, "'पातळी' कोण, ठाऊक नाही." मग नवखे करितात तेच बाईंनी केले. शेवटची चूक डोळ्यांपुढे होती, म्हणोन तेथून आरंभ केला, आणि दिसेल तेथे 'पातळी'ची नव्याने ओळख लिहिली. तों दरोगे म्हणाले, "एका घरात एका नावाचे दोघे चालणार नाहीत," आणि चुका त्रेपन्न जाहल्या.

"मेला आंधळा आहे काय! वर ढळढळीत ओळख दिली आहे!"

"दिलीत, बाई, परंतु महिरपी कंसाच्या आत. कंस मिटला कीं आतले नाव आतच राहते, बाहेर आम्ही त्यास ओळखीत नाही. पहिली चूक आधी वाचा, बाकीच्या तिच्याच पोटच्या."

"दहा मिनिटे उरली, दरोगासाहेब! माझी आई माहेरच्या तळ्यावर पाणी भरते, ते तळे याच पाण्याचे. या खेपेस डोळेझाक करा."

"आणि भलतीच पातळी धरोन पाणी सुटले, आईच्या दारात पूर आला, तर?"

मग बाईंनी नव्या ओळखी सर्व खोडिल्या आणि मूळ ओळ उचलोन महिरपीच्या वर ठेविली, आणि दरोग्यांनी वाट दिली, आणि बारांस पाणी सुटले. बाईंचा जीव भांड्यात पडला. तों दरोगे हळूच म्हणाले, "चूक नव्हे, इशारा आहे. प्रोग्रामात 'माहेर' ऐसे नाव दिलेत, पण कोठेच वापरले नाही. काढावे काय?"

बाईंनी डोळे पुसले. "असू द्या, दरोगासाहेब."

दरोग्यांनी असू दिले. सात गावांस पाणी पोचले ते या रीतीने. लिहिणाराने ऐकिले तितके लिहिले.